इशाऱ्याची अमानत

अल्लाहने माणसाच्या हाती सोपवलेल्या अमानतींची गणना करताना आपण धन, संतती, आरोग्य आणि अधिकार यांचा उल्लेख आवर्जून करतो. परंतु एका अमानतीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे वेळेवर मिळालेला इशारा. संकट येण्यापूर्वी त्याची खबर मिळणे ही अल्लाहची मोठी कृपा आहे आणि प्रत्येक कृपेबरोबर जबाबदारीही येते. अडचण एवढीच की, मिळालेला इशारा खरा आहे की खोटा, हे पुष्कळदा त्या क्षणी कळत नाही. मग ज्याच्या सत्यतेची खात्री नाही, अशा इशाऱ्याचे आपण काय देणे लागतो? तो खोटा निघाला, तर त्यापायी घेतलेले श्रम वाया गेले असे समजावे काय? आणि ‘जे तकदीरमध्ये आहे ते होणारच’ असे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्याला श्रद्धावंत म्हणावे की बेफिकीर?

हे प्रश्न प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये जितक्या स्पष्टपणे समोर येतात, तितके अन्यत्र क्वचितच येतात. सोलापूरकरांसाठी हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून मुंबईची सेवाही सुरू झाली. होटगी रोडच्या विमानतळावरून आता आपल्यातील सामान्य कुटुंबेही प्रवास करू लागली आहेत. कोणी उपचारांसाठी, कोणी शिक्षणासाठी, तर कोणी मुंबईहून पुढे उमराहला जाण्यासाठी विमानात पाऊल ठेवतो. आसनावर बसताच आपण प्रवासाची दुआ पढतो. हे वाहन आपल्या सामर्थ्याने नव्हे, तर अल्लाहच्या इच्छेने आपल्या ताब्यात आले आहे आणि अखेरीस आपल्याला त्याच्याकडेच परतायचे आहे, असा त्या दुआचा आशय आहे. जी वस्तू अल्लाहने ताब्यात दिली, तिची निगराणी हाही त्या दुआचाच एक भाग नव्हे काय?

तीन दिव्यांची साक्ष

विमान उतरण्यापूर्वी वैमानिक चाके खाली सोडतो. या यंत्रणेला लँडिंग गिअर म्हणतात. सामान्यतः तिचे तीन भाग असतात. एक पुढे, विमानाच्या नाकाखाली, आणि दोन मागे, डाव्या व उजव्या बाजूला. चाके नुसती खाली येऊन भागत नाही. ती खाली येऊन पक्की अडकली पाहिजेत, नाही तर जमिनीला टेकताच विमानाच्या भाराने ती दुमडतील. वैमानिकाला आपल्या आसनावरून ही चाके दिसत नाहीत. त्याला दिसतात ते समोरच्या फलकावरील दिवे. प्रत्येक गिअर पक्का अडकला की त्याचा हिरवा दिवा लागतो. तीनही हिरवे दिवे लागले म्हणजे साक्ष पूर्ण झाली. एखादा दिवा लागला नाही किंवा तांबडा दिवा विझला नाही, तर शक्यता अनेक असतात. चाक खरोखरच अडकले नसेल, चाकाची स्थिती कळवणारा संवेदक बिघडला असेल किंवा निव्वळ बल्ब गेलेला असेल.

अशा वेळी प्रशिक्षित वैमानिक काय करतो? तो उतरण्याची घाई करत नाही. पुरेसे इंधन असेल तर विमान पुन्हा वर नेतो, सुरक्षित उंचीवर घिरट्या घालतो आणि कंट्रोल टॉवरला कळवतो. दोघांपैकी एक जण केवळ विमान उडवण्याकडे लक्ष देतो आणि दुसरा तपासणी यादी हातात घेऊन एकेक पायरी पूर्ण करतो. दिव्याची परीक्षा घेतली जाते. चाके पुन्हा खाली सोडून पाहिली जातात. नेहमीच्या यंत्रणेने ती आली नाहीत, तर पर्यायी यंत्रणेने कुलूप सोडून त्यांना स्वतःच्या वजनाने खाली येऊ दिले जाते. कधी टॉवरजवळून कमी उंचीवर विमान नेऊन खालच्या लोकांना चाके पाहायला सांगितले जाते. एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सज्ज ठेवल्या जातात, प्रवाशांना सावध केले जाते आणि मगच विमान उतरवले जाते. या सर्व क्रमात कोठेही घबराट नाही आणि कोठेही बेपर्वाई नाही.

खबर आणि तहकीक

१२ सप्टेंबर २०२५ ची घटना वाचकांच्या स्मरणात असेल. गुजरातमधील कांडला येथून मुंबईकडे निघालेल्या स्पाइसजेटच्या प्रवासी विमानाने उड्डाण केले, तेव्हा त्यातून काहीतरी काळी वस्तू खाली पडताना टॉवरमधील नियंत्रकाला दिसली. त्या क्षणी ती वस्तू काय होती, हे सांगता येत नव्हते. भास असू शकला असता. विमान तर व्यवस्थित उडत होते. परंतु धावपट्टीवर माणसे पाठवून शोध घेतला गेला आणि तेथे विमानाचे एक बाहेरचे चाक सापडले. इकडे मुंबईत आपत्कालीन तयारी करण्यात आली आणि पंच्याहत्तर प्रवाशांना घेऊन आलेले ते विमान सुखरूप उतरले.

याच प्रकारची एक घटना ६ मे २०२१ रोजी नागपूरला घडली होती. कोरोनाच्या त्या कठीण दिवसांत एका रुग्णाला घेऊन हैदराबादकडे निघालेल्या छोट्या रुग्णवाहिका विमानाचे चाक उड्डाणाच्या वेळीच निखळले. बंदोबस्तावर असलेल्या सीआयएसएफच्या जवानाने ते पाहिले आणि ताबडतोब कळवले. विमान मुंबईला वळवण्यात आले, धावपट्टीवर फेस पसरण्यात आला आणि वैमानिकाने विमान पोटावर उतरवले. आतील पाचही जण बचावले. त्या जवानाचे काम विमानाची चाके तपासण्याचे नव्हते. पण जे डोळ्यांनी पाहिले, ते संबंधितांपर्यंत पोहोचवणे त्याने आपले कर्तव्य मानले.

या दोन्ही घटनांत एक समान सूत्र आहे. खबर आली, ती कोणी आंधळेपणाने स्वीकारली नाही आणि झिडकारलीही नाही. तिची शहानिशा झाली. कुरआनने सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत श्रद्धावंतांना हाच मार्ग शिकवला आहे. एखादा अविश्वसनीय माणूस खबर घेऊन आला, तर तहकीक करा, नाही तर अज्ञानापोटी तुम्ही एखाद्या समूहाची हानी कराल आणि नंतर पश्चात्ताप करत बसाल, असा त्या आदेशाचा आशय आहे. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की, खबर देणारा विश्वासास पात्र नसतानाही त्याची खबर सरळ फेकून द्या, असे सांगितलेले नाही. शहानिशा करण्याचा आदेश दिलेला आहे. मग ज्या दिव्याची शंभर वेळा साक्ष खरी ठरली आहे, त्याने एकदा निराळी साक्ष दिली, तर तिची चौकशी करणे किती अधिक आवश्यक ठरते! इशाऱ्याचे पहिले देणे हेच आहे. त्याला तहकीक द्यावी लागते.

शंकेने खात्री ढळत नाही

येथे एखादा जाणकार वाचक आक्षेप घेईल. इस्लामी धर्मशास्त्राचा एक सुप्रसिद्ध नियम असा आहे की, खात्रीने सिद्ध झालेली गोष्ट केवळ शंकेने रद्द होत नाही. वुजू केल्याची खात्री असेल आणि तो मोडला की काय अशी नुसती शंका आली, तर वुजू कायम समजला जातो. वसवसा, म्हणजे मनात घोळणाऱ्या निराधार शंका, यांच्यामागे धावण्यास आपल्याला मनाई आहे. मग एका दिव्यावरून दीडशे-दोनशे लोकांना अर्धा तास आकाशात फिरवणे हाही वसवसाच नव्हे काय?

हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण तोच नियम नीट लावून पाहिला, तर उत्तर उलट येते. विमान आकाशात असताना खात्रीची गोष्ट कोणती असते? चाके आत दुमडलेली आहेत, ही. ती खाली येऊन पक्की अडकली, हा नवा दावा आहे आणि त्याचा पुरावा तीन हिरवे दिवे आहेत. पुरावा अपुरा असेल, तर पूर्वीची स्थितीच कायम समजली पाहिजे, म्हणजे चाके पक्की नाहीत असेच धरून चालले पाहिजे. नमाजमध्ये तीन रकअती झाल्या की चार, अशी शंका पडली आणि मनाचा कौल कोणत्याही बाजूला झुकत नसेल, तर कमी संख्या धरून पुढची रकअत पूर्ण करायची असते; कारण तीनची खात्री आहे, चौथीची नाही. वैमानिकाचा नियम यापेक्षा वेगळा नाही. ‘बहुधा चाके आली असतील’ ही खात्री नव्हे, ती इच्छा आहे. आपल्या जीवनातील कितीतरी अनर्थ या ‘बहुधा’ने घडवलेले आहेत.

वसवसा आणि सावधगिरी यांतील फरकही येथेच स्पष्ट होतो. वसवसा पुराव्याशिवाय जन्मतो आणि पुराव्यानेही शांत होत नाही. सावधगिरी एखाद्या खुणेवरून सुरू होते आणि तपासणी पूर्ण होताच थांबते. शिवाय वसवशाचा त्रास माणसाला स्वतःला होतो, तर बेपर्वाईची किंमत इतरांना मोजावी लागते. जेथे दुसऱ्यांचे प्राण आपल्या हाती आहेत, तेथे हानी टाळणे हे सोय आणि वेळ यांच्या आधी येते.

एका दिव्यात अडकलेले डोळे

इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे ही एक चूक झाली. परंतु इशाऱ्यात इतके गुंतून जाणे की बाकी सर्व विसरावे, ही दुसरी चूक आहे आणि तीही तितकीच घातक ठरू शकते. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत ईस्टर्न एअरलाइन्सचे एक मोठे विमान न्यूयॉर्कहून मायामीला पोहोचत होते. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. वैमानिकांनी उतरणे पुढे ढकलले, विमान वर नेले, त्याची उंची स्वयंचलित यंत्रणेवर सोपवली आणि बल्ब काढून तपासू लागले. येथवर सर्व योग्य होते. पण कॉकपिटमधील सर्वांचेच लक्ष त्या बल्बकडे लागले. उंची कायम ठेवणारी यंत्रणा नकळत सुटली, विमान हळूहळू खाली येऊ लागले, त्याची सूचना देणारा नादही वाजला. पण तो कोणाच्या ध्यानी आला नाही. विमान दलदलीत कोसळले आणि त्यातील १७६ जणांपैकी सुमारे शंभर जण मरण पावले. तपासात आढळले की, चाक खाली येऊन पक्के अडकलेले होते. फक्त बल्ब गेलेला होता.

सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, पोर्टलंड शहराजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाच्या एका चाकाविषयी अशीच शंका निर्माण झाली. मुख्य वैमानिक सुमारे तासभर घिरट्या घालत प्रवाशांची तयारी करून घेत राहिला. त्याचा हेतू चांगला होता. परंतु त्या अवधीत इंधन संपत चालले होते. सहकाऱ्यांना ते दिसत होते आणि त्यांनी तसे सुचवलेही. पण ते सुचवणे दबक्या स्वरातील होते. अखेर इंजिने बंद पडली आणि विमान वस्तीच्या भागात पडले. १८९ जणांपैकी दहा जण मृत्युमुखी पडले.

सूरह रहमानच्या आरंभीच अल्लाहने आकाश उंचावल्याचा आणि तराजू स्थापन केल्याचा उल्लेख आहे आणि त्या तराजूत अतिरेक करू नका असा आदेश आहे. हा तोल फक्त बाजारातील मापांचा नाही. एका धोक्याची काळजी घेताना दुसरी अमानत हातून निसटू नये, हाही तोलच आहे. मुलाच्या परीक्षेच्या चिंतेत त्याच्या नमाजचा आणि प्रकृतीचा विसर पडणे, मुलीच्या लग्नाच्या धावपळीत आजारी आईचे औषध राहून जाणे, मशिदीच्या बांधकामासाठी वर्गणी गोळा करताना शेजारच्या विधवेची उपासमार न दिसणे, ही सर्व त्या बल्बमध्ये अडकलेल्या डोळ्यांचीच रूपे आहेत. चिंता खरी असते; पण विमान खाली येत असते.

मागच्या रांगेतील आवाज

पोर्टलंडच्या दुर्घटनेने विमान कंपन्यांना एक प्रश्न विचारायला लावले. ज्यांना धोका दिसत होता, ते स्पष्टपणे का बोलले नाहीत? उत्तर असे की, मुख्य वैमानिकाचा शब्द अंतिम मानला जाई आणि कनिष्ठ माणसाला त्याच्यासमोर बोलण्याचा संकोच वाटे. १९७९ पासून अमेरिकेत या विषयावर गंभीर विचार सुरू झाला आणि पुढे जगभरातील वैमानिकांना दोन गोष्टी शिकवल्या जाऊ लागल्या. कनिष्ठाने धोका स्पष्ट शब्दांत सांगावा आणि वरिष्ठाने तो ऐकावा.

आपल्यासाठी ही शिकवण नवी नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी निवेदन केलेल्या एका प्रसिद्ध हदीसमध्ये हा प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी दुपारनंतरच्या एका नमाजमध्ये चारऐवजी दोनच रकअतींवर सलाम फेरला. जमातीत हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) उपस्थित होते, पण आदरयुक्त धाकामुळे ते बोलू शकले नाहीत. तेव्हा जुल-यदैन या नावाने ओळखले जाणारे एक सहाबी पुढे आले आणि त्यांनी विचारले की, नमाज कमी करण्यात आली आहे की आपल्याकडून विस्मरण झाले? प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की, दोन्हीपैकी काहीही झालेले नाही. तरीही विषय तेथेच संपवला नाही. त्यांनी इतरांना विचारले की, हे म्हणतात ते खरे आहे काय? लोकांनी होकार दिला. त्यावर प्रेषितांनी (सल्ल.) उरलेल्या रकअती पूर्ण केल्या आणि सज्दा-ए-सहव केला.

या प्रसंगावर जितके चिंतन करावे, तितके थोडेच आहे. ज्यांच्याकडे वह्य येत असे, त्यांनीही एका सामान्य सहाबीचा इशारा झिडकारला नाही. स्वतःच्या स्मरणानुसार उत्तर दिल्यानंतरही त्यांनी शहानिशा केली आणि खात्री पटताच सर्वांसमोर दुरुस्ती केली. यामुळे त्यांच्या थोरवीत अणुमात्र उणेपणा आला नाही. उलट उम्मतला कायमचा धडा मिळाला. आजही इमाम चुकला, तर मागच्या रांगेतील मुक्तदी ‘सुब्हानल्लाह’ म्हणून त्याला सावध करतो. तो मुक्तदी हमाल असो की विडी कारखान्यातील मुनीम, इमामाला त्याचे ऐकणे लाजिरवाणे वाटत नाही. दिवसातून पाच वेळा ज्या उम्मतला ही शिस्त शिकवली जाते, तिच्या घरांत, दुकानांत आणि संस्थांमध्ये मात्र थोरल्यांना टोकणे बेअदबी समजली जावी, ही खेदाची गोष्ट आहे. आपण मशिदीच्या दारात चपला घालतो, तेव्हा ती शिस्त आतच ठेवून येतो की काय?

तकदीरची ढाल

आता त्या वाक्याकडे वळू, जे आपल्या समाजात सर्वाधिक उच्चारले जाते. ‘मौत लिहिलेली असेल तर येणारच, मग एवढी काळजी कशाला?’ या वाक्याचा पूर्वार्ध ईमान आहे. उत्तरार्ध मात्र ईमान नाही, तो आळस आहे. आणि आळसाने ईमानचा पोशाख चढवला की तो ओळखणे अवघड होते.

हजरत उमर (रजि.) सीरियाकडे जात असताना तेथे प्लेगची साथ पसरल्याची खबर आली. त्यांनी प्रथम मुहाजिरांशी, मग अन्सारांशी आणि नंतर कुरैशच्या ज्येष्ठांशी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? त्यावर हजरत उमर (रजि.) यांनी दिलेल्या उत्तराचा भावार्थ असा की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. उंटांना एका बाजूला हिरवळ आणि दुसऱ्या बाजूला माळरान असलेल्या खोऱ्यात नेले, तर हिरव्या बाजूला चारणे हेही तकदीरनुसारच आणि माळावर चारणे हेही तकदीरनुसारच. नंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची (सल्ल.) साथीविषयीची आज्ञा सांगितली, तेव्हा तो निर्णय योग्य असल्याची खात्री पटली.

म्हणजे धोका जर तकदीरमध्ये असेल, तर इशाराही तकदीरमध्येच आहे. अल्लाहने दिवा लावला, अल्लाहने कोणाच्या तरी डोळ्यांना ते चाक पडताना दाखवले. त्या इशाऱ्याकडे पाठ फिरवून तकदीरचे नाव घेणारा माणूस तकदीरचा निम्मा भागच मानतो, आणि तोही आपल्या सोयीचा. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (सल्ल.) आधी बांधण्याची शिकवण दिली. सूरह आले इम्रानच्या १५९ व्या आयतीतही हाच क्रम आहे. आधी सल्लामसलत, मग निश्चय आणि मग अल्लाहवर भरवसा. तवक्कुल हा तदबीरचा शेवट आहे, तदबीरला पर्याय नाही.

२२ मे २०२० रोजी, रमजानच्या अखेरच्या शुक्रवारी, लाहोरहून कराचीला येणारे प्रवासी विमान कोसळले. ईद दोन दिवसांवर होती आणि कितीतरी जण ईदसाठी घरी निघालेले होते. ९९ जणांपैकी केवळ दोघे वाचले. प्राथमिक चौकशी अहवालातून पुढे आले की, विमान अपेक्षेपेक्षा जास्त उंचीवरून वेगाने खाली येत होते, सोडलेली चाके पुन्हा वर घेतली गेली, धोक्याच्या सूचना वाजत राहिल्या आणि तरीही पहिल्या प्रयत्नात विमान चाकांविना धावपट्टीवर टेकले. इंजिने घासली गेली. पुन्हा उड्डाण केल्यावर ती बंद पडली. वैमानिकांचे लक्ष कोरोनाविषयीच्या बोलण्यात गुंतलेले होते, हेही त्या चौकशीत नमूद झाले. ते आता आपल्या रबच्या हुजूरात आहेत आणि त्यांच्याविषयी निवाडा करणे आपले काम नाही. आपण त्या सर्वांच्या मगफिरतची दुआ करावी. परंतु इबरत घेणे हे जिवंतांचे कर्तव्य आहे. इशारे कमी पडले नव्हते. ते ऐकण्याची फुरसत कमी पडली होती.

श्रम वाया जात नाहीत

आरंभीचा एक प्रश्न उरतो. दिवा खोटा निघाला, अर्धा तास घिरट्या घालून विमान सुखरूप उतरले, बल्बच गेलेला होता, तर तो अर्धा तास वाया गेला काय? प्रवाशांपैकी काही जण कुरकुर करतात की उगाच उशीर केला. इस्लामची शिकवण अशी की, कर्मे हेतूवर अवलंबून असतात. ज्याने माणसांचे प्राण वाचवण्याच्या हेतूने तपासणी केली, त्याचा अज्र तपासणीच्या निकालावर अवलंबून नाही. एक प्राण वाचवणे म्हणजे जणू साऱ्या मानवतेला वाचवणे, ही शिकवण सूरह माइदाने दिली आहे. आणि वाचवण्याचे बहुतेक काम असेच असते की, ते झाल्याचे कोणाला दिसतही नाही. म्हणून उशीर झालेल्या विमानातील प्रवाशाचेही काही कर्तव्य आहे. सूचना शांतपणे ऐकावी, खात्री नसलेली बातमी मोबाइलवरून पसरवू नये, बाहेर पडण्याची वेळ आली तर सामानासाठी मागच्याची वाट अडवू नये आणि ज्यांनी आपल्यासाठी श्रम घेतले, त्यांचे आभार मानावेत.

विमानात आपण वर्षातून एखाद्या वेळी बसतो. घरात मात्र रोज राहतो. आणि घरातही दिवे लागत असतात. यंत्रमागाच्या शेडमधील फलकातून उडणारी ठिणगी, स्वयंपाकघरात येणारा गॅसचा वास, वडिलांनी ‘काही नाही, पित्त आहे’ म्हणून टाळलेली छातीतील कळ, दुचाकीचा सैल झालेला ब्रेक, हे सर्व दिवेच आहेत. काही इशारे तर दिव्याशिवायही येतात. सतत हसणारी सून महिनाभर गप्प राहते. मुलगा घरातून पैसे मागताना नजर चुकवतो. दुकानातील जुना नोकर काही सांगायला येतो आणि न सांगताच परत जातो. यांतील प्रत्येक खूण खरी ठरेलच असे नाही. पण प्रत्येक खुणेला प्रेमाने विचारलेला एक प्रश्न तरी मिळाला पाहिजे. त्या प्रश्नाला वेळ नाही म्हणणारा माणूस नंतर दवाखान्याच्या किंवा न्यायालयाच्या पायऱ्यांवर कितीतरी वेळ काढतो.

आणि सर्वांत मोठा इशारा? कुरआनने प्रेषितांना ‘बशीर’ म्हणजे शुभवार्ता देणारे आणि ‘नजीर’ म्हणजे सावध करणारे म्हटले आहे. सफा टेकडीवर उभे राहून प्रेषितांनी (सल्ल.) मक्कावासीयांना विचारले होते की, या डोंगरापलीकडे लष्कर आहे असे मी सांगितले, तर तुम्ही मानाल काय? सर्वांनी होकार दिला, कारण त्यांनी त्यांच्या तोंडून कधी असत्य ऐकलेच नव्हते. मात्र परलोकाचा इशारा मिळताच अबू लहबने तो उडवून लावला. त्याला खबर मिळाली नव्हती असे नाही. खबर देणाऱ्याचा सच्चेपणाही त्याला ठाऊक होता. त्याने केवळ तहकीक करण्याचे नाकारले. सूरह फातिरच्या ३७ व्या आयतीत सावध करणाऱ्याचा उल्लेख आहे. काही भाष्यकारांनी त्याचा एक अर्थ डोक्यावर आलेले पांढरे केस असाही सांगितला आहे. आरशात तो दिवा आपल्यापैकी कितीतरी जणांना रोज सकाळी दिसतो.

इंधन मोजके आहे, उतरण्याची वेळ निश्चित आहे, आणि ती कोणती हे आपल्याला ठाऊक नाही. तोवर आपल्या हाती एवढेच आहे की, मिळालेल्या प्रत्येक इशाऱ्याला त्याचे देणे द्यावे. ते देणे म्हणजे तहकीक, मशवरा, तदबीर आणि अखेरीस अल्लाहवर भरवसा. इशारा देणारा लहान असो की मोठा, त्याचे ऐकण्याइतके नम्र हृदय आणि धोका दिसताच योग्य माणसाला सांगण्याइतकी हिंमत अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.